रस्ता मोकळा करणाऱ्या वीराचा चित्रपट

कणकवली तालुक्यातील फोंडाघाट हे गाव रस्त्याच्या आधाराने वाढलेले आहे. देवगडकडून येणारी वाट या गावाच्या बाजारपेठेतून जाते, बाजार सुटला की सह्याद्री चढू लागते आणि दाजीपूर, राधानगरी मागे टाकून निपाणीस पोचते. निपाणीच्या पुढे बेळगाव, आणि बेळगावास मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की वरच्या मालमोटारी वर आणि खालच्या खाली अडकून पडतात. मग कुदळी-फावडी घेतलेली, अलीकडे यंत्रे चालविणारी, काही माणसे भर पावसात दगडमाती उपसू लागतात. वरून आणखी दगड येणार नाहीत याची हमी त्यांना कोणी दिलेली नसते. रस्ता मोकळा झाला की जो तो आपली गाडी सुरू करून निघून जातो. उपसणाऱ्यांची नावे विचारण्यास कोणी थांबत नाही, आणि त्यात कोणास फारसे वावगेही वाटत नाही.

ही गोष्ट आठवण्याचे कारण असे, की आपल्या देशात सध्या युद्धवीरांच्या चरित्रावर चित्रपट काढण्याची लाट आली आहे. कॅप्टन विक्रम बत्रा यांच्यावरील 'शेरशाह' २०२१ मध्ये आला. फील्ड मार्शल माणेकशा यांच्यावरील 'सॅम बहादूर' २०२३ मध्ये, इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांवरील 'चंदू चॅम्पियन' २०२४ मध्ये, रेझांग ला येथील मेजर शैतानसिंग आणि त्यांच्या तुकडीवरील '१२० बहादूर' २०२५ च्या नोव्हेंबरात, आणि पुण्यात जन्मलेल्या अरुण खेत्रपाल यांच्यावरील 'इक्कीस' २०२६ च्या पहिल्या दिवशी पडद्यावर आला. या मालिकेत एक नाव मात्र दिसत नाही. ते नाव याच किनारपट्टीवरचे आहे. गोवा ओलांडून दक्षिणेस गेले की कारवार लागते, आणि कारवारजवळच्या चेंडिया गावचे ते सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, परमवीरचक्र. राण्यांचा पराक्रम हा अक्षरशः रस्ता मोकळा करण्याचा पराक्रम होता. त्यांच्यावर मोठ्या पडद्यासाठी गाजलेला चित्रपट का निघाला नाही, या प्रश्नाचा विचार करू लागले म्हणजे युद्धवीराचे आयुष्य चित्रपटात बसविण्याच्या एकूण अडचणींचा उलगडा होऊ लागतो.

प्रथम प्रत्यक्ष घटना पाहावी. १९४८ च्या एप्रिलमध्ये भारतीय सेना जम्मू भागात नौशेराहून राजौरीकडे निघाली होती. रस्ता डोंगराळ. माघार घेणाऱ्या शत्रूने तो जागोजागी उद्ध्वस्त करून ठेवला होता. झाडे आडवी पाडली होती, मोऱ्या उडविल्या होत्या, भूसुरुंग पेरले होते. रणगाडे पुढे न्यावयाचे तर त्यांच्यापुढे सॅपर हवेत. जुन्या मराठीत यांनाच सफरमैना म्हणत. बॉम्बे इंजिनिअर्सच्या सदतिसाव्या असॉल्ट फील्ड कंपनीतील राण्यांकडे सव्विसाव्या मैलावरील सुरुंग आणि अडथळे दूर करणारी तुकडी सोपविण्यात आली. ८ एप्रिल रोजी सकाळी अकराच्या सुमारास, काम सुरू होण्यापूर्वीच, उखळी तोफांचा मारा सुरू झाला. तुकडीतील दोघे ठार झाले आणि राण्यांसह पाच जण जखमी झाले. राण्यांनी उरलेल्यांची जुळवाजुळव केली आणि काम आरंभिले. दुपारी साडेचारच्या सुमारास बरवाली टेकडी हाती आली. आसपास शत्रू अद्याप आहे हे ठाऊक असूनही ते पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता तयार करू लागले. रात्री दहापर्यंत, मशिनगनच्या माऱ्याखाली, हे काम चालले.

९ तारखेस सकाळी सहा वाजता पुन्हा आरंभ. दुपारी तीन वाजता वळणरस्ता तयार झाला. राणे सर्वांत पुढच्या चिलखती गाडीत बसले. अर्ध्या मैलावर पाइनच्या झाडांचा अडथळा. उतरून त्यांनी तो उडविला. तीनशे यार्डांवर पुन्हा तोच प्रकार. त्यानंतर उडविलेली मोरी. सव्वासहा वाजता उजेड मावळत असता पाच मोठ्या झाडांचा, सुरुंगांनी वेढलेला आणि मशिनगनच्या टप्प्यातला अडथळा समोर आला. राणे तोही काढू लागले होते. पण दलप्रमुखाने परिस्थिती ओळखून तांडा आडोशास घेतला. १० तारखेस पहाटे पावणेपाचला पुन्हा सुरुवात, साडेसहाला तो अडथळा दूर. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळे आणि खचविलेले बांध यांची रांगच होती. साडेदहापर्यंत तीही पार झाली. रणगाडे तावी नदीच्या पात्रात उतरून दुपारी दोन वाजता चिंगसला पोचले. येथे एखाद्याने पाठ टेकली असती तरी त्याला कोणी बोल लावला नसता. पण मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्यांना नदीपात्रातून जाता येणार नव्हते, म्हणून राणे अन्नाशिवाय आणि विश्रांतीशिवाय रात्री नऊपर्यंत रस्ता उघडीत राहिले. ११ तारखेस सकाळी सहाला पुन्हा काम. अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला. त्या रात्री दहापर्यंत त्याच्यापुढचे काम. १२ तारखेस सेना राजौरीत पोचली.

सन्मानपत्रातील ही हकिकत जवळजवळ एखाद्या कचेरीतील हजेरीपत्रकासारखी आहे. इतके वाजता आरंभ, इतके वाजता समाप्त. नेमकी हीच पटकथाकाराची पहिली अडचण. चित्रपटाला एक शिखर लागते. प्रेक्षकाने श्वास रोखावा आणि मग सोडावा, असा एक क्षण लागतो. राण्यांच्या पराक्रमात असा एकच एक क्षण दाखविता येत नाही. येथे अडथळ्यामागून अडथळा आहे, आणि सगळे अडथळे सारखेच दिसतात. वीरपुरुष समोरच्या शत्रूवर तुटून पडत नाही; तो जमिनीकडे पाहत असतो. त्याच्या हातात बंदूक नसते, सुरुंग असतो. पाइनचे झाड उडविले, टाळ्या. दुसरे उडविले, थोड्या टाळ्या. तिसऱ्या झाडाला प्रेक्षक चहा पिण्यास बाहेर जाईल, अशी धास्ती निर्मात्यास वाटते.

ती धास्ती संपूर्णपणे खोटी नाही, पण ती अनिवार्यही नाही. आंरी-जॉर्ज क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाने १९५३ साली 'द वेजेस ऑफ फिअर' काढला. त्यात चार माणसे नायट्रोग्लिसरिनने भरलेल्या दोन मालमोटारी खराब रस्त्याने नेत असतात. कथानक काय, तर रस्ता आणि त्यावरचे अडथळे. तरीही तो चित्रपट जगभर गाजला. कॅथ्रिन बिगेलो यांच्या २००८ च्या 'द हर्ट लॉकर' मध्ये नायकाचे काम बॉम्ब निकामी करण्याचे आहे, एक झाला की दुसरा. त्यास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. डेन्मार्कच्या २०१५ मधील 'लँड ऑफ माइन' या चित्रपटात महायुद्ध संपल्यानंतर तरुण जर्मन युद्धकैदी समुद्रकिनाऱ्यावरचे सुरुंग हातांनी काढीत आहेत, इतकेच दिसते. पण वाळूत बोटे घालणारा मुलगा पाहताना प्रेक्षकाची बोटे आखडतात. तात्पर्य, पुनरावृत्ती हीच जेथे वस्तुस्थिती आहे तेथे ती लपविण्याऐवजी तिच्यातूनच ताण निर्माण करता येतो. त्यासाठी दिग्दर्शकाला हातांच्या कामाविषयी आदर असावा लागतो. आपल्या युद्धपटांना मात्र भाषणाचा सोस फार. सुरुंग काढणारा माणूस भाषण करीत नाही. त्याला श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो.

याच संदर्भात राण्यांविषयी नेहमी सांगितली जाणारी एक हकिकत ध्यानात घेतली पाहिजे. सुरुंगांच्या पट्ट्यातून रणगाडा नेताना राणे त्याच्या दोन साखळीपट्ट्यांच्या मधल्या जागेत सरपटत पुढे जात होते, आणि रणगाडा थांबवावा की चालवावा याची खूण चालकास दोरी ओढून देत होते, अशी ती हकिकत. कोणताही दिग्दर्शक हे वाचताच खुर्चीवरून उठेल. चित्रपटाचे भित्तिपत्रक त्याच्या डोळ्यांसमोर तयार होईल. सन्मानपत्रात मात्र या प्रसंगाचा उल्लेख नाही. एवढ्यावरून तो घडलाच नाही असे म्हणणे गैर होईल. सन्मानपत्रे संक्षिप्त असतात आणि सैनिकांच्या तोंडी राहिलेल्या आठवणी नेहमीच कागदावर उतरतात असे नाही. परंतु या एका दृश्यासाठी अख्खा चित्रपट रचला गेला, तर चार दिवसांच्या अखंड श्रमाचे मोल दहा मिनिटांच्या थरारात वाहून जाईल. तानाजीच्या घोरपडीचे असेच झाले आहे. इतिहासकारांनी ती कथा ग्राह्य धरलेली नाही. तरी सिंहगड म्हटला की शाळेतल्या मुलाला आधी घोरपड आठवते, मग कडा, आणि तानाजी मालुसरे त्या दोहोंच्या नंतर.

सिंहगडाचा विषय निघालाच आहे, तर हेही नमूद करावयास हवे की युद्धवीरावरचा चित्रपट ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. फोंडाघाट चढून गेले की ज्या कोल्हापूर संस्थानाची हद्द लागत असे, त्याच कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली 'सिंहगड' हा मूकपट काढला. रात्रीच्या लढाईसाठी त्यात कृत्रिम प्रकाशाचा वापर झाला, आणि शेलारमामाच्या भूमिकेत होते व्ही. शांताराम. पुढे त्याच शहरात भालजी पेंढारकरांनी 'छत्रपती शिवाजी' आणि 'मराठा तितुका मेळवावा' असे चित्रपट उभे केले. ढालतलवारीच्या वीराला चित्रपटात आणण्याचे तंत्र मराठी माणसाने शंभर वर्षे घोटलेले आहे. अडचण येते ती बंदुकीच्या आणि सुरुंगाच्या काळातील वीराची. तानाजी आणि बाजीप्रभू यांच्याभोवती पोवाडा आहे, दंतकथा आहे, तीनशे वर्षांचे अंतर आहे. १९४८ चा सैनिक मात्र कागदपत्रांत, नातलगांच्या स्मरणात आणि पलटणीच्या दप्तरात अद्याप जिवंत असतो. त्याच्याविषयी चुकीचे बोलले तर 'असे नव्हते' म्हणणारा कोणीतरी हटकून भेटतो.

अंतर असले तरी सुटका होतेच असे नाही, हे २०२५ मध्ये 'छावा' ने दाखवून दिले. प्रदर्शनापूर्वीच्या झलकेत संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, त्यावर आक्षेप आला आणि दिग्दर्शकाने ते दृश्य काढून टाकले. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणास हरकत घेतली आणि दिग्दर्शकास दिलगिरी व्यक्त करावी लागली. '१२० बहादूर' च्या वेळी रेझांग लाच्या सैनिकांच्या समाजाकडून मागणी आली की चित्रपटाच्या नावात त्यांचा उल्लेख असावा. एकट्या मेजरला मोठे करून बाकीच्यांना मागे ढकलू नये. या मागण्यांमागे राजकारण असते हे खरे. परंतु तेवढेच असते असे म्हणून त्या झटकता येत नाहीत. कारण मूळ प्रश्न खरा आहे. लढाई कधीच एकटा माणूस लढत नाही, आणि चित्रपट मात्र एका चेहऱ्याभोवती फिरतो. ८ एप्रिलच्या सकाळी राण्यांच्या तुकडीतील जे दोघे ठार झाले, त्यांची नावे सन्मानपत्रात नाहीत. पटकथेत ती घालावीच लागतील, त्यांना गाव द्यावे लागेल, आई द्यावी लागेल. खरी नावे शोधून घालावयाची की कल्पित? कल्पित घातली तर खऱ्या मृतांच्या जागी खोटे मृत बसतात. खरी घातली तर त्यांच्या घरी जाऊन विचारावे लागते. या प्रश्नाला सोयीस्कर उत्तर नाही.

जिवंत माणसाला पडद्यावर मारून टाकण्याचा प्रकारही आपल्याकडे घडला आहे. १९९७ च्या 'बॉर्डर' मध्ये लोंगेवालाच्या लढाईत भैरवसिंग नावाचा सीमा सुरक्षा दलाचा जवान वीरगती पावतो. प्रत्यक्षातील भैरोसिंग राठोड त्या लढाईतून सुखरूप परतले होते. चित्रपट लागला तेव्हा ते हयात होते आणि २०२२ च्या डिसेंबरात जोधपूर येथे त्यांचे निधन झाले. पाव शतक त्या माणसाला आपण मेलो नाही हे लोकांना सांगत राहावे लागले. निर्मात्याने हे दुष्टाव्याने केले असे नव्हे. प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणण्यासाठी त्याला एक मृत्यू हवा होता, आणि लोंगेवालाला भारतीय बाजूची मनुष्यहानी फार थोडी झाली होती. वस्तुस्थिती विजयाची होती. नाट्य बलिदानाचे हवे होते.

येथेच राण्यांच्या बाबतीतला दुसरा अडथळा आहे, आणि तो कदाचित सर्वांत मोठा असावा. राणे मेले नाहीत. आजवर परमवीरचक्र मिळविणाऱ्या एकवीस वीरांपैकी चौदा जणांना ते मरणोत्तर मिळाले. स्वतः ते छातीवर मिरविण्यास जगलेल्या सातांत राण्यांचा समावेश होतो. बत्रा चोविसाव्या वर्षी गेले, खेत्रपाल एकविसाव्या. त्यांच्या चित्रपटाचा शेवट नियतीनेच लिहून ठेवला होता. राण्यांचा जन्म १९१८ चा आणि मृत्यू ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात. राजौरीच्या त्या चार दिवसांनंतर ते सेहेचाळीस वर्षे जगले. त्यांनी सेना सोडली, पुन्हा नोकरी केली, निवृत्त झाले, म्हातारे झाले. या सेहेचाळीस वर्षांचे पटकथाकाराने काय करावे? गाळून टाकली तर खोटेपणा होतो. दाखविली तर निर्माता म्हणतो, चढण संपल्यानंतर एवढी सपाटी कशाला?

वास्तविक ती सपाटीच सांगण्यासारखी आहे. सैन्यात मुलगा असलेल्या सिंधुदुर्गातील घराला वीरमरणापेक्षा मुलगा परत येण्याची आस अधिक असते; देवापुढे गाऱ्हाणे घालावयाचे ते त्यासाठीच. भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावण्याचा सराव करणारी मुले चित्रपट पाहतात तेव्हा त्यांना काय शिकविले जाते, याचा विचार शिक्षकांनी तरी करावा. पराक्रम आणि मृत्यू हे समानार्थी शब्द आहेत असे जर दर चित्रपट सांगू लागला, तर जिवंत परतलेला निवृत्त सुभेदार, जो गावच्या पतसंस्थेच्या रांगेत उभा असतो, तो मुलांना उणा वाटू लागेल. तशी चिन्हे अधूनमधून दिसतातही.

मुरलीकांत पेटकरांच्या चित्रपटाने या बाबतीत निराळी वाट धरली, म्हणून त्याची दखल घ्यावयास हवी. पेटकर सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे. सेनेच्या विद्युत व यांत्रिकी अभियंता दलात असताना १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. पुढे ते पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळविले. देशाने ते जवळजवळ विसरून टाकले. पद्मश्री आली ती २०१८ मध्ये. कबीर खान यांच्या चित्रपटात एक म्हातारा पोलीस ठाण्यात येतो आणि अर्जुन पुरस्कार न दिल्याबद्दल राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार लिहून घ्या म्हणतो, तेथून कथा मागे जाते. म्हणजे युद्धानंतरचे आयुष्य हेच येथे कथानक झाले. चित्रपट २०२४ च्या जूनमध्ये आला, आणि २०२५ च्या जानेवारीत पेटकरांना अर्जुन जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. चित्रपटामुळेच तो मिळाला असे कोणी ठामपणे म्हणू शकणार नाही. पण बावन्न वर्षे जे झाले नव्हते ते सात महिन्यांत झाले, हे खरे. त्या चित्रपटातही पुष्कळ गोडवा आहे, गाणी आहेत, थट्टा आहे, काही ठिकाणी अतिशयोक्ती आहे. तथापि ज्याच्यावर तो निघाला तो माणूस स्वतः जाऊन तो पाहू शकला, आणि त्याच्या देखत खोटे सांगणे कोणालाही कठीण गेले असते.

हयात वीराची संमती ही निर्मात्याला जाच वाटते, पण ती चित्रपटाची राखणही करते. अमेरिकेत पहिल्या महायुद्धातील वीर अ‍ॅल्विन यॉर्क याने आपल्यावर चित्रपट काढू देण्यास कित्येक वर्षे नकार दिला होता. अखेर त्याने होकार दिला तो बायबल शिकविणाऱ्या शाळेसाठी पैसा हवा म्हणून, आणि भूमिका गॅरी कूपरनेच करावी या अटीवर. १९४१ चा 'सार्जंट यॉर्क' त्यातून झाला. दिवंगत वीरांच्या बाबतीत असा पहारेकरी उरत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात सांगितले की सार्वजनिक दप्तरात नोंदलेल्या गोष्टी प्रसिद्ध करण्यास व्यक्तीच्या संमतीची गरज नाही. सन्मानपत्र हे सार्वजनिक दप्तरच. तेव्हा कायद्याने वाट बहुतांशी खुली आहे. सभ्यतेने मात्र घरच्यांकडे जावे लागते, आणि घरच्यांना आपला माणूस निर्दोष हवा असतो. दोष नसलेल्या माणसाचा चित्रपट करता येत नाही, ही पुन्हा वेगळीच पंचाईत.

घरच्यांनंतर सरकार. जुलै २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने चित्रपट परीक्षण मंडळास कळविले की सेनेविषयीच्या चित्रपटांसाठी निर्मात्यांनी मंत्रालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे. त्याच वर्षी 'गुंजन सक्सेना' मध्ये आपले चित्रण वाईट झाले, अशी हवाई दलाने मंडळाकडे लेखी तक्रार केली. सेनेची प्रतिष्ठा जपली पाहिजे याविषयी दुमत नाही. रणगाडे, गणवेष, छावण्या यांसाठी निर्मात्याला सेनेच्या दारात जावेच लागते, आणि ज्याच्या दारात जावे त्याचे ऐकावे लागते. परिणाम असा होतो की पडद्यावरील अधिकारी कधी चुकत नाही, हुकूम कधी उशिरा येत नाही, रसद कधी कमी पडत नाही. मग राण्यांना अन्नाशिवाय रात्री नऊपर्यंत का राबावे लागले, हा साधा प्रश्न पटकथेतून गळून पडतो. त्यांच्या श्रमाचे मोल तर त्याच प्रश्नात आहे.

आणखी एक नाजूक बाब. राजौरी शहराने १९४७-४८ मध्ये भयंकर हत्याकांड सोसले होते. सेना इतक्या घाईने तिकडे का निघाली हे त्यावाचून समजत नाही. म्हणून ते गाळता येणार नाही. पण ते दाखविताना एखादा समाजच खलनायक करण्याचा मोह आजच्या बाजारात फार मोठा आहे, कारण त्याला गल्ला आहे. सुरुंग काढणाऱ्या माणसाच्या चरित्रात नवा सुरुंग पेरावयाचा नाही, एवढे भान दिग्दर्शकाला ठेवावे लागेल.

भाषेचे काय? चेंडियाच्या किनाऱ्यावर कोकणी, मराठी आणि कानडी एकमेकींच्या अंगणात वावरतात. राण्यांचे वडील पोलीस शिपाई. त्यांच्या बदल्यांबरोबर मुलाची शाळाही बदलत राहिली. १९३० साली बारा वर्षांचा हा मुलगा असहकाराच्या चळवळीकडे ओढला गेला, तेव्हा घाबरलेल्या बापाने कुटुंब पुन्हा चेंडियास आणले. आणि दहा वर्षांनी तोच मुलगा इंग्रजांच्या सेनेत भरती झाला, ब्रह्मदेशात बुथिडाँगच्या आघाडीवर जपान्यांशी लढला. या वळणात केवढे नाट्य आहे! पण हा चित्रपट निघालाच तर तो हिंदीत निघेल, कारण 'तान्हाजी' आणि 'छावा' सुद्धा हिंदीतच निघाले. मराठी निर्मात्याला रणगाडे परवडत नाहीत. मग कारवार कोणाचे हा जुना वाद उकरला जाईल. राणे कानडी की मराठी, यावर पत्रके निघतील. स्वतः राण्यांनी बॉम्बे इंजिनिअर्सचा गणवेष घालून काश्मीरचा रस्ता उघडला, त्यांना या वादात कितपत रस वाटला असता हे सांगण्याची गरज नाही.

पैशाची बाब येथे अगदीच गौण म्हणता येणार नाही. परंतु सगळ्याच कथांना मोठा खर्च लागतो असे नाही. रायगड जिल्ह्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, यांचे उदाहरण घ्यावे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत त्यांच्या तुकडीतील इतर सर्वजण मारले अथवा जखमी झाल्यावर ते एकटे मशिनगनच्या ठाण्यावर धावून गेले, ते जिंकले आणि नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. वय बावीस. सगळी घटना काही मिनिटांची. त्या पराक्रमावर दोन तासांचा चित्रपट करावयाचा तर उरलेला सारा वेळ कल्पनेने भरावा लागेल. घाडग्यांच्या बाबतीत नोंद आखूड, राण्यांच्या बाबतीत लांब. एकाकडे शेवट आहे पण मधला भाग नाही, दुसऱ्याकडे मधला भाग आहे पण शेवट नाही. शिवाय घाडगे परक्या साम्राज्याच्या सेनेत लढले, हे प्रेक्षकाला कसे सांगावे हा प्रश्न आहेच. इटलीतील मोंतोने या गावाने २०२३ साली त्यांचे स्मारक उभारले. तेथील लोकांना हा प्रश्न अडला नाही.

फोंडाघाट परिसरातील जत्रांतून रात्रभर दशावतार रंगतो. लिहिलेली संहिता नसते. नट आपापल्या हुशारीने संवाद रचतात. अभिमन्यू पडतो तेव्हा प्रेक्षकाला ठाऊक असते की किरीट घातलेला हा गडी पहाटे मुकुट उतरवून आपले सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावी चालू लागणार आहे. अभिमन्यूच्या वंशजांकडून नोटीस येत नाही, कोणते मंत्रालय हरकत घेत नाही. चित्रपटाला हे भाग्य नाही. तो खरेच घडले असे म्हणतो आणि लोक त्यावर विश्वास ठेवतात. एका पिढीचा लोंगेवालाचा इतिहास म्हणजे 'बॉर्डर' च आहे; पाठ्यपुस्तकातील चार ओळी त्यापुढे टिकत नाहीत, हे कोणत्याही शिक्षकाने वर्गात विचारून पाहावे.

राण्यांची स्मारके तशी कमी नाहीत. भारतीय नौवहन महामंडळाने परमवीरांची नावे आपल्या तेलवाहू जहाजांना दिली, त्यांत राण्यांचे नाव होते. कारवारच्या किनाऱ्यावर युद्धनौकेच्या संग्रहालयापाशी २००६ पासून त्यांचा पुतळा उभा आहे. २०२३ च्या जानेवारीत अंदमानातील एकवीस बेटांना एकवीस परमवीरांची नावे देण्यात आली, त्यांतही ते आहेत. चेतन आनंद यांनी दूरदर्शनसाठी 'परमवीर चक्र' ही मालिका करून या सर्व वीरांकडे प्रथम कॅमेरा वळविला, हे श्रेय त्यांना द्यावयास हवे. पण जहाज, पुतळा आणि बेट यांना राण्यांच्या हातांविषयी काही सांगता येत नाही.

ते सांगावयाचे असेल तर सुरुवात कोठून करावी, हे अवघड नाही. राण्यांची पलटण म्हणजे बॉम्बे सॅपर्स. तिचे केंद्र पुण्याजवळ खडकीस आहे आणि पलटणीच्या परंपरेची जपणूक तेथे होते. सुरुंग कसा शोधतात, संगिनीचे टोक मातीत किती तिरके घालतात, हे आजही तेथे नव्या जवानांना शिकविले जाते. कोल्हापूरच्या, सावंतवाडीच्या अथवा कारवारच्या एखाद्या तरुण दिग्दर्शकाने नट ठरविण्यापूर्वी महिनाभर तेथे बसावे, ते हात पाहावेत. रणगाडे भाड्याने आणण्याचा विचार त्यानंतर केला तरी चालेल. ९ एप्रिलच्या संध्याकाळी सव्वासहा वाजता, पाच पाइन वृक्षांच्या अडथळ्यापाशी, रणगाडे राण्यांच्या मागेच होते.